ताईनं कुठली पदवी घ्यावी?



या आठवड्याचं पत्र सांगलीच्या नववीतल्या एका मैत्रिणीचं आहे. तिची ताई बी.कॉम. झाली. तिला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय. फायनान्सच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक लंडनला, वर्षभराचा. दुसरा अमेरिकेत, दीड वर्षाचा. ताई म्हणते, नाव मोठं ते घेऊ. आई म्हणते, खर्च कमी ते घेऊ. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला निघालेत. "कोणाचं बरोबर?" असं आपल्या मैत्रिणीनं विचारलंय.

घर पणाला लागणार म्हटल्यावर घाई नको. आधी हे काम काय असतं, ते पाहू या.

बँक म्हटलं की आपल्याला पासबुक आणि काउंटरपुढची रांग आठवते. इन्व्हेस्टमेंट बँकेत यातलं काही नसतं. कंपन्यांना भांडवल उभारून देणं, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असेल तर तिची किंमत काढून देणं, हे तिचं काम. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं एल.आय.सी.चे साडेतीन टक्के शेअर विकले आणि साडेवीस हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम उभी केली. त्या विक्रीची व्यवस्था दहा बँका पाहत होत्या. माहितीपत्रक तयार करणं, गुंतवणूकदारांना भेटणं, भाव सुचवणं ही सगळी त्यांची कामं. भाव ठरला ९४९ रुपये. बाजारातल्या पहिल्या दिवसाअखेर तो ९००च्याही खाली होता! म्हणजे किंमत काढणं हे गणित खरं, पण त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नसतं, बरं का!

पगार मोठा असतो, तसे कामाचे तासही. २०२१ साली गोल्डमन सॅक्स या बँकेतल्या १३ नवख्या कर्मचाऱ्यांनी आपापले तास मोजले. सरासरी निघाली आठवड्याला ९५ तास. आठवड्याचे एकूण तास १६८. उरले ७३, म्हणजे दिवसाला साधारण साडेदहा. झोप, जेवण, अंघोळ, प्रवास, सगळं त्यातच. हे ताईला चालणार आहे का? हा प्रश्न पदवीच्याही आधीचा.

चालणार असेल, तर आता पदव्यांकडे वळू. पाट्या सारख्या दिसतात, आतला माल वेगळा असतो. ढोबळमानानं तीन प्रकार सांगता येतील.

पहिला, नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा इम्पीरियल कॉलेजचं एम.एस्सी. फायनान्स या प्रकारातलं.

दुसरा, आधी नोकरी केलेल्यांसाठी. केंब्रिजच्या मास्टर ऑफ फायनान्सला निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो. लंडन बिझनेस स्कूलची तर गंमतच आहे. तिथलं 'मास्टर्स इन फायनान्स' अनुभवी लोकांसाठी आणि 'मास्टर्स इन फायनान्शियल अ‍ॅनालिसिस' नवख्यांसाठी. शाळा एकच, नावं जुळ्या भावांसारखी!

तिसरा प्रकार गणिताचा. बर्कलीचं फायनान्शियल इंजिनीअरिंग किंवा प्रिन्स्टनचं दोन वर्षांचं मास्टर इन फायनान्स यांत संभाव्यता, संगणक आणि समीकरणं यांच्यावर भर. या वाटेनं जाणारे बरेचसे शेअर-रोख्यांचे व्यवहार आणि जोखमीचं मोजमाप याकडे वळतात. कंपन्यांची खरेदी-विक्री करायची असेल, तर ही वाट जरा आडवळणाची.

आता वेळापत्रक. मोठ्या बँका नवख्यांना बहुतेक वेळा उन्हाळी प्रशिक्षणातून, म्हणजे इंटर्नशिपमधून निवडतात. आठ-दहा आठवडे काम बघतात, पसंत पडलं तर नोकरी देतात. लंडनमध्ये या जागांचे अर्ज साधारण उन्हाळा सरता सरता सुरू होतात, आणि बऱ्याच बँका अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला गेलेली मुलगी सप्टेंबरात तिथे पोचते. बॅग उघडायच्या आत अर्ज करायचे! तिथे गेल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याची गाडी तोवर सुटलेली असते. दीड वर्षाच्या अभ्यासक्रमात मधे एक उन्हाळा मिळतो. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये बारा आणि अठरा महिने असे दोन्ही पर्याय आहेत. मोठा पर्याय घेणाऱ्याला इंटर्नशिप करून परत वर्गात येता येतं. अर्थात, जास्तीच्या महिन्यांचा खर्चही आलाच.

त्या खर्चाचं गणित आपल्या मैत्रिणीलाही जमेल. समजा, कर्ज ४० लाख आणि व्याज १० टक्के. वर्षाचं नुसतं व्याज झालं ४ लाख, महिन्याला ३३ हजारांच्या वर. मुद्दल अजून जागच्या जागी! लंडनमध्ये नोकरी लागली तर हे कर्ज फिटतं. पण नोकरी न लागता परत यावं लागलं, तर इथल्या पहिल्या पगारात हप्ता कसा भरणार? परदेशात राहून काम करायचा परवाना किती महिने मिळतो, हेही त्या त्या सरकारकडून नीट समजून घ्यायला हवं. हे नियम बदलत असतात.

तर मग कोणाचं बरोबर? माझ्या मते, ताई आणि आई दोघींनी अर्धाच प्रश्न विचारलाय. दोन्ही कॉलेजांना ताईनं पत्र टाकून चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती जण इन्व्हेस्टमेंट बँकेत लागले? त्यांत पूर्वी नोकरी न केलेले किती? भारतातून गेलेले किती? आणि अभ्यासक्रमात उन्हाळी इंटर्नशिपला जागा आहे का? जिथून उत्तरं नेमकी येतील आणि आकडे बरे असतील, ते कॉलेज. दोन्हीकडून नुसती रंगीत पुस्तिकाच आली, तर बाबांनी घराची कागदपत्रं कपाटातच ठेवावीत.

त्यात हार नाही हं! या धंद्याचं आपल्याकडचं मुख्य ठाणं मुंबईच आहे. इथल्या बँका सी.ए. झालेल्यांना घेतात, मोठ्या मॅनेजमेंट संस्थांमधूनही घेतात. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आय.आय.एम. १९६१ मध्ये सुरू झाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ची. ताईनं दोन वर्षं इथे काम केलं, तर वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पदव्यांचं दारही उघडेल. तोवर हे ९५ तासांचं प्रकरण आपल्याला झेपतंय का, तेही कळेल.

आणि नववीतल्या तुम्ही काय करायचं? या रविवारी एवढं करा. जिचं बिस्किट किंवा साबण घरात आहे, अशी एखादी शेअर बाजारातली कंपनी निवडा. तिचा वार्षिक अहवाल फुकट वाचायला मिळतो. त्यातले तीन आकडे शोधा : विक्री किती, नफा किती, कर्ज किती. आई-बाबांना सोबत घ्या. मग वहीत लिहा, ही कंपनी तुम्ही केवढ्याला विकत घ्याल आणि का. त्यातलं 'का' मला कळवा. नीट लिहिलेलं 'का' पुढच्या एखाद्या अंकात नक्की छापू.