विश्लेषण : तेलविहिरींचे खारे सांडपाणी शेताला चालेल?

अमेरिकेत पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यातून त्या देशातील सर्वाधिक खनिज तेल निघते. पण तेलापेक्षा जास्त निघते ते पाणी : एका पिंप तेलामागे साधारण तीन-चार पिंपे. या पाण्याच्या पुनर्वापरावर सध्या जोर आहे. मात्र या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जात आहेत.

हे पाणी येते कुठून?

फ्रॅकिंगमध्ये पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने खोलवर सोडून खडकाला भेगा पाडतात. एका विहिरीला काही कोटी लिटर पाणी लागते. त्यातील काही परत येते आणि सोबत येते कोट्यवधी वर्षे खडकात अडकलेले खारे पाणी. पर्मियनमध्ये त्यात लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक क्षार आढळतात. समुद्राच्या पाण्यात असतात सुमारे ३५ ग्रॅम. शिवाय बेन्झीन आणि किरणोत्सर्गी रेडियमही असते.

आजवर बहुतेक पाणी पुन्हा जमिनीतच सोडले जात होते. त्यातून भूकंप होऊ लागले. त्यामुळे टेक्सासमधील तेलउद्योगाची नियामक असलेल्या ‘रेलरोड कमिशन’ने (तिचा आता रेल्वेशी काही संबंध नाही) २०२१मध्ये मिडलंडजवळच्या पट्ट्यात खोल विहिरींत पाणी सोडणे थांबवले. नोव्हेंबर २०२२मध्ये पश्चिम टेक्सास ५.४ तीव्रतेच्या धक्क्याने हादरले. अभ्यासकांनी त्याचाही संबंध या सांडपाण्याशी जोडला.

मग पुनर्वापराला हरकत काय?

तेच पाणी पुढच्या विहिरीच्या फ्रॅकिंगला वापरायला काहीच हरकत नाही. गाळून, तेलाचा अंश आणि जिवाणू काढले की भागते. क्षार काढावे लागत नाहीत आणि गोडे पाणी वाचते. पेनसिल्व्हेनियात ही पद्धत रुळली आहे. पर्मियनमध्ये ती शक्य तिथे सक्तीची करावी. पण तिथे नव्या विहिरींना लागते त्याहून कितीतरी जास्त पाणी बाहेर येते.

ते उरलेले पाणी शुद्ध करून शेताला, नदीला देण्याची कल्पना पुढे येते, आणि तिथेच सावध व्हायला हवे. आरओचे पडदे समुद्राच्या साधारण दुप्पट खारेपणापुढे हात टेकतात. मग पाण्याची वाफ करून ती गोळा करावी लागते. खर्च वाढतो आणि एक लाख लिटर पाण्यामागे दहा टन क्षार उरतात, ते वेगळेच. त्यात फ्रॅकिंगची काही रसायने व्यापारी गुपित म्हणून जाहीर होत नाहीत. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याची चाचणी कशी लावणार?

कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीतील बागांचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे तेलविहिरींचे पाणी १९९०च्या दशकापासून पिकांना मिळते. पण ते जुन्या पद्धतीच्या विहिरींचे, मुळातच बरेच कमी खारे आणि इतर पाण्यात मिसळून दिलेले. पर्मियनला तो लागू होत नाही.

जबाबदारी कोणाची?

न्यू मेक्सिकोने २०१९च्या कायद्यात तेलक्षेत्राबाहेरच्या वापरासाठी आधी नियम हवेत, अशी अट घातली. टेक्सासने २०२५मध्ये उलटी वाट धरली. शुद्ध केलेले पाणी विकल्यावर पुढे नुकसान झाले, तर घोर निष्काळजीपणासारखे अपवाद वगळता विकणाऱ्याला दायित्वातून मोकळीक दिली. पाणी सुरक्षित असेल, तर ही ढाल कशाला? जमीन क्षारपड झाली तर कंपनी दुसऱ्या खोऱ्यात जाईल. शेतकऱ्याला तिथेच राहायचे आहे. ही मोकळीक मागे घेऊन, वापरलेल्या प्रत्येक रसायनाची नावे जाहीर झाल्याशिवाय तेलक्षेत्राबाहेर एक टँकरही जाऊ देऊ नये.