पुरंदरावरची छावणी आणि आपल्या फडातली कोपी

गेल्या रविवारी पोरांना घेऊन पुरंदरावर गेलो होतो. माळेगावातून नीरा, जेजुरी, सासवड करत. लष्कराचा भाग असल्याने ओळखपत्र दाखवून आत सोडतात. शंभूराजांचं जन्मस्थान दाखवलं. मग इंग्रजांच्या काळातलं चर्च बघून थोरला म्हणाला, "पप्पा, इथं हे कसं काय?"

त्याला सांगितलं ते इथंही लिहितो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी या गडावर जर्मन कुटुंबांना नजरकैदेत ठेवलं होतं. शत्रूदेशाची माणसं, बायकापोरांसह. त्याआधी पहिल्या महायुद्धात नगरला अशीच छावणी होती.

पण अशा कैद्यांसाठीही नियम होते. 1929 चा जिनिव्हा करार मुळात युद्धकैद्यांचा, पण दुसऱ्या महायुद्धात नजरकैदेतल्या नागरिकांनाही ढोबळमानाने तोच लावला गेला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोठ्या वाटतात. एक, तटस्थ देशाचा माणूस छावणी तपासायला येणार आणि कैद्यांशी शक्यतो साक्षीदाराशिवाय, एकट्याने बोलणार. दोन, कैद्याची तक्रार बिनबुडाची निघाली तरी त्याला शिक्षा करायची नाही.

आता आपल्याकडं बघा. दिवाळी झाली की बीड, नगरकडून टोळ्या उतरतात. पाचट-ताडपत्रीच्या कोप्या पडतात. पाणी लांब, संडास नाही, पहाटे अंधारात बाया फडात. पाहणीला कुणी आलंच तर शेजारी मुकादम उभा. ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्यासमोर ती बाई काय बोलणार? "सगळं बरंय सायेब." झाली पाहणी!

बोट दुसऱ्याकडं दाखवत नाही. माझ्याही उसात टोळी येते. टनेज किती पडलं हे रोज विचारलं, प्यायला पाणी कुठनं आणता हे एकदाही नाही विचारलं.

माझं म्हणणं एवढंच. हंगामात प्रत्येक तळावर महिन्यातून एकदा, न सांगता पाहणी व्हावी. पाहणाऱ्यांत एक बाई असावी, कारखान्याचा नि मुकादमाचा माणूस नसावा. काय आढळलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. आणि बोलणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये.

शत्रूच्या माणसाला जे मिळालं, ते आपला ऊस तोडणाऱ्याला द्यायला आपल्याला काय अवघड आहे?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. कोण कोण येतंय सोबत?