'च', 'फक्त' आणि 'ओन्ली'

भंडाऱ्याच्या मोहल्ल्यांत आपण घरात जे बोलतो ते हिंदी-उर्दूच्या अंगाने जाते, पण त्यात एक अक्षर अस्सल मराठीचे असते. "वो घरपेच है", "ऐसाइच बोलते", "मेरेकूच मालूम". हा 'च' आपल्या बोलीने मराठीकडून घेतला. मराठीनेही अरबीतून 'फक्त' घेतला. 'हद्द' आणि 'मुदत' हे शब्दही तिकडूनच आले. तेव्हा मर्यादा घालण्याची भाषा आपल्याला परकी नाही. इंग्रजीत आपली मुले अडखळतात ती बहुधा शब्दाच्या जागेपाशी. या महिन्यात तेवढेच पाहू.

'ओन्ली' कुठे ठेवावा? मराठीत 'च' हव्या त्या शब्दाला चिकटतो. 'अब्बाच तुमसरला गेले' म्हणजे दुसरे कोणी गेले नाही. 'अब्बा तुमसरलाच गेले' म्हणजे साकोलीला गेले नाहीत. इंग्रजीत 'ओन्ली' त्या शब्दाच्या आधी ठेवावा. पहिले वाक्य 'ओन्ली अब्बा वेंट टू तुमसर', दुसरे 'अब्बा वेंट ओन्ली टू तुमसर'.

मात्र प्रत्येक 'च' मर्यादेचा नसतो. 'मी भंडाऱ्याचीच' यात आपण ठासून सांगतो, हद्द घालत नाही. त्याचे 'आय ॲम फ्रॉम भंडारा ओन्ली' आपल्या देशात सगळ्यांना समजते, पण परीक्षेत आणि मुलाखतीत ते टाळावे. नुसते 'आय ॲम फ्रॉम भंडारा' पुरे.

काही ठरलेल्या जागी 'ओन्ली' शेवटीच येतो. चेकवर 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली' लिहितात, म्हणजे पुढे कोणी आकडा वाढवू नये. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघांमध्ये 'अकाउंट पेयी ओन्ली' लिहिले, की ती रक्कम ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा होते. मलमाच्या डबीवरचे 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' सांगते, की हे वरून लावायचे, पोटात घ्यायचे नाही.

आकड्यांची हद्द. 'ॲट लीस्ट' म्हणजे कमीत कमी. 'ॲट मोस्ट', 'अप टू' आणि 'नॉट मोअर दॅन' म्हणजे जास्तीत जास्त. दुकानाच्या पाटीवर 'अप टू ५० पर्सेंट ऑफ' असेल, तर सवलत ५० टक्क्यांच्या वर जाणार नाही एवढेच खरे. एखाद्या कपड्यावर ती ५ टक्केही असेल.

दुकानात चुकलो तर पैसे जातात, औषधात चुकलो तर जिवावर बेतते. तापाच्या पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. डॉक्टरांनी कमी सांगितल्या असतील तर तीच हद्द. 'नॉट मोअर दॅन' हे घेण्याचे प्रमाण नव्हे, ओलांडू नये अशी रेघ आहे. ती ओलांडली तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही मोजणीत धरावे. मुलांचे प्रमाण वजनावर ठरते, ते डॉक्टरांनाच विचारावे. दादीच्या औषधाचे पाकीट घरात शाळकरी नातच वाचत असेल, तर तिला हे तीन शब्द पक्के यायला हवेत.

तारखेची हद्द. मराठीतल्या एका 'पर्यंत'साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. 'सबमिट द फॉर्म बाय ३१ जुलै' म्हणजे त्या तारखेपर्यंत कधीतरी एकदा अर्ज द्या. 'द ऑफिस इज ओपन टिल ३१ जुलै' म्हणजे ऑफिस तोवर चालूच राहील. 'ऑन ऑर बिफोर ३१ जुलै' यात ३१ तारीख धरली जाते, पण नुसते 'बिफोर ३१ जुलै' असेल तर शेवटचा दिवस ३०. लाखांदूरहून ३१ तारखेला बसने भंडाऱ्याला अर्ज घेऊन निघालेल्या मुलाचे वर्ष या एका शब्दावर अडू शकते.

'अनलेस' आणि 'बट'. 'फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही' याचे इंग्रजी 'यू कॅननॉट अपिअर अनलेस यू पे द फी'. मुले 'अनलेस यू डू नॉट पे' लिहितात, कारण मनात 'जोपर्यंत भरत नाही' असते. 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच आहे, दुसरा घातला की अर्थ उलटतो.

'बट' म्हणजे नेहमी 'पण' नव्हे. 'एव्हरीवन बट आपा केम' म्हणजे आपा सोडून सगळे आले. 'नो वन बट द फादर कॅन साइन' म्हणजे वडिलांखेरीज कोणाची सही चालणार नाही. कलमा पढताना येणारा 'इल्ला' आठवा, आधी नकार आणि मग एकच अपवाद. हा 'बट' त्याच घडणीचा आहे.

या महिन्याचा अभ्यास. ही वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्या: १) अम्मीनेच बिर्याणी केली. २) अम्मीने बिर्याणीच केली. ३) शुक्रवारपर्यंत पुस्तक परत कर. ४) अब्बा आल्याशिवाय आम्ही जेवणार नाही. मग घरातले एखादे औषधाचे पाकीट घेऊन त्यावर मर्यादेचे शब्द किती आहेत ते मुलांना शोधायला सांगा. उत्तरे पुढच्या अंकात.