फवारणी म्हणजे संशोधन नव्हे

केळी उत्पादनात भारत जगात पहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. व्यापारी बागांत मात्र ‘ग्रँड नैन’ या एकाच वाणाच्या ऊतिसंवर्धित प्रती दाटीने उभ्या आहेत, याविषयी मौन पाळतो. सिगाटोका करप्याची बुरशी लैंगिक प्रजननातून जनुकांचे पत्ते सतत पिसते आणि हळूहळू बुरशीनाशकांनाही दाद देईनाशी होते. बीजहीन केळ आहे तिथेच राहते. काळ्या सिगाटोकापायी कोस्टा रिकातील निर्यातक्षम बागांवर वर्षाला ४०हून अधिक फवारण्या होतात. त्या वाटेला प्रगती म्हणायचे काय? तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात देशी वाणांचा संग्रह आहे. प्रतिकारक्षम वाण घडवायला दशके लागतात. म्हणून निधी आज हवा, पाने करपल्यावर नव्हे.