बास म्हटलं की बास?

"तुमच्या कुत्र्याचं जरा बघा हो," असं खालच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा चक्क राग आला. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत, लिफ्टमध्ये नुसती मान फिरवली. काकूंचं ऑपरेशन झालंय आणि दुपारचा डोळा लागत नाही, हे मला नंतर कळलं. मग मात्र लाज वाटली.

आमचा मोत्या बेल, लिफ्टचं दार, कुरिअरवाला, समोरच्या गच्चीतली कबुतरं, सगळ्यांवर भुंकायचा. आणि मी "ए, गप्प!" म्हणून त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचे. त्याला वाटत असणार, वा, आज आईपण सामील झाली!

सल्ले भरपूर मिळाले. गावी शेतावर सोडून ये, गळ्यात शॉकचा पट्टा बांध... या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० सालापासून बंदी आहे. माझं मत विचाराल तर बंदी नसती तरी तो मी बांधला नसता. भीतीनं गप्प बसणं म्हणजे शिकणं नव्हे. कुत्र्याचा आवाज बंद होतो, आतली धास्ती तशीच राहते. आणि भुंकून इशारा द्यायचीच चोरी झाली, तर एखादा न सांगता चावतो.

मुळात मोत्याच्या हिशेबानं त्याचं बरोबरच होतं. कुरिअरवाला येतो, मोत्या भुंकतो, तो माणूस जातो. म्हणजे मोत्यानंच त्याला पळवलं! रोज जिंकणारा खेळ कोण सोडेल?

मग आम्ही काय केलं? खिडकीचा खालचा भाग झाकला. सकाळचं फिरणं वाढवलं आणि त्याला मनसोक्त हुंगू दिलं. घरातल्याच कोणीतरी मुद्दाम बेल वाजवायची आणि त्यानं सतरंजीवर येऊन बसायचं, मग पनीरचा तुकडा. तरी भुंकलाच तर ओरडायचं नाही, नाकाशी खाऊ धरायचा. वास घ्यायला लागला की भुंकणं थांबतं. त्याच क्षणी शांतपणे "बास" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. आधी दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, मग दहा.

लक्ष वेधायला भुंकला तर दुर्लक्ष करायचं. हे सर्वांत अवघड, कारण दुर्लक्ष केल्यावर भुंकणं आधी वाढतं. चौथ्या दिवशी आम्ही हरलो आणि त्याला बिस्कीट दिलं. तो काय शिकला? अजून जोरात भुंकलं की मिळतं! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

(अचानक भुंकणं वाढलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कधीकधी दुखणंही असतं. आणि घरात एकटा असताना व्याकूळ होऊन भुंकत असेल तर ते प्रकरणच वेगळं, तिथे पनीर चालत नाही.)

आता मुद्द्याचं. भुंकतो म्हणून कुत्र्याला सोसायटीतून काढता येत नाही, अशा आशयाच्या सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली काढल्या आहेत. त्याची प्रिंट काढून मी तयार ठेवली होती, काकांच्या तोंडावर मारायला! पण त्याच सूचनांमध्ये कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवायचा प्रयत्न करा, असंही मालकांना सांगितलंय. तो परिच्छेद मी सोयीस्करपणे गाळून वाचला होता. मोत्याला या घरात राहायचा हक्क आहे तसा काकूंना दुपारच्या झोपेचाही आहे. आणि या दोघांच्या मध्ये कायदा नाही, मी उभी आहे.

मोत्या अजूनही भुंकतो. दोन-तीनदा. मग माझ्याकडे बघतो, पनीर येतंय का म्हणून. तेवढं त्याला असू द्यावं, कुत्रा आहे तो.

परवा लिफ्टमध्ये काका आपणहून म्हणाले, "काल आवाज नाही आला. बरा आहे ना तो?"

ती प्रिंट मी रद्दीत टाकली.