पाठांतराचे जीवशास्त्र कोणाच्या सोयीचे?

‘कृतियुक्त शिक्षण’ हा शब्द सरकारी परिपत्रकांत आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारणेच उद्धटपणाचे ठरावे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्याचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याची पुन्हा द्वाही फिरवली. तरीही माध्यमिक शाळेत जीवशास्त्राच्या तासाला मुले काय करतात? पेशीची आकृती उतरवून घेतात, तिला नावे देतात आणि व्याख्या घोकतात. काही शाळांत फळ्याच्या जागी डिजिटल पडदा आला आहे. पडद्यावर हृदय धडधडते; मूल मात्र पूर्वीप्रमाणेच हाताची घडी घालून बसलेले असते. न केलेल्या प्रयोगांची निरीक्षणे गेल्या वर्षीच्या प्रयोगवहीतून उतरविण्याचा प्रघात ज्याला ठाऊक नाही, असा शिक्षक विरळाच.

हा प्रश्न अध्यापनपद्धतीचा आहे, चळवळीने त्यात वेळ दवडू नये, असे आपल्यातील अनेकांना वाटते. शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा घाट घातला जात आहे. अशा वेळी फुलापानांच्या गोष्टी कसल्या करता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे, पण त्यामागील गृहीत चुकीचे आहे. शाळेचे दार उघडले म्हणजे समता आली, असे होत नाही. दाराच्या आत काय घडते यावर कोणाचे मूल टिकणार आणि कोणाचे गळणार हे ठरते. पुस्तकाची भाषा ज्याच्या घरात बोलली जाते, ज्याला खासगी क्लासची फी परवडते, त्याचे पाठांतराने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ऊसतोड कामगाराच्या मुलीचे, घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या मुलाचे. हे मूल शेतातले, गोठ्यातले कितीतरी जीवशास्त्र जाणते. परंतु वर्गात त्या ज्ञानाला कवडीची किंमत नसते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन विज्ञान व गणिताच्या वर्गांविषयीच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. विद्यार्थ्यांना स्वतः प्रश्न सोडवावयास आणि चर्चा करावयास लावणाऱ्या वर्गांत हे प्रमाण २२ टक्के होते. २०२० सालच्या दुसऱ्या आढाव्यात असे आढळले की वंचित गटांतील विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतील गुणांचे अंतर अशा वर्गांत सुमारे एक तृतीयांशाने घटते. तेथील महाविद्यालय आणि आपली जिल्हा परिषदेची शाळा यांत मोठे अंतर आहे, हे मान्य. तथापि मुकाट ऐकण्याची शिक्षा कोणाला अधिक जाचते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

‘यासाठी प्रयोगशाळा कोठून आणणार?’ हा ठरलेला आक्षेप. पावसाळ्यात गावातील उघड्या रांजणात डासांच्या अळ्या असतातच. त्या काचेच्या बरणीत घ्याव्यात, तोंडाला फडके बांधावे आणि मुलांनी रोज निरीक्षण लिहावे. अळी वारंवार पृष्ठभागावर का येते? पाण्यावर तेलाचा थर दिला तर ती का मरते? श्वसनाचा पाठ येथे आपोआप उलगडतो. आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो, हे ज्या मुलीने स्वतः मोजून पाहिले, तिला आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयास का सांगते, हे कोणी समजावण्याची गरज उरत नाही. ती हे घरी सांगेल. आणि गटार वर्षभर तुंबलेले का राहते, हा पुढचा प्रश्न ग्रामसभेतही विचारील. पाठांतराचे जीवशास्त्र कोणाच्या सोयीचे आहे, याचे उत्तर येथे मिळते.

हे घडू शकते याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशाने दिला आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्रमंडळ केंद्र या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे नेला. स्वस्त साहित्याची पेटी, शिक्षकांच्या मासिक बैठका, पुस्तक उघडून लिहावयाची परीक्षा आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा असे त्याचे स्वरूप होते. परीक्षा बदलली म्हणूनच वर्ग बदलला, हे विसरता कामा नये. सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम शास्त्रज्ञांचा व शिक्षकांचा विरोध डावलून २००२ साली काँग्रेस सरकारने बंद केला. जी गोष्ट जनतेच्या मागणीपत्रकावर नसते, ती सरकारच्या एका आदेशाने संपते, हा त्यातला धडा आपल्यासाठी आहे.

आज उलट दिशेचा रेटा प्रचंड आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि प्रश्न सारे पर्याय निवडण्याचे. त्या परीक्षेची सावली आठवीच्या वर्गापर्यंत पडते आणि क्लासचालकांचा धंदा त्या सावलीत फोफावतो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे व आरोग्याचे ज्ञान असावे, शक्य तेथे शाळेला नमुन्याची छोटी शेती जोडावी, अशी मागणी केली होती. त्या मागणीचे वारस म्हणवणाऱ्यांना आज स्वस्थ बसता येणार नाही. विज्ञान शिक्षकांची रिक्त पदे भरा, शिक्षकाला अशैक्षणिक कामातून मोकळे करा आणि बोर्डाच्या लेखी परीक्षेत निरीक्षणावर व अनुमानावर आधारलेले प्रश्न घाला, या तीन मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. पहिल्या दोहोंवाचून तिसरी म्हणजे शिक्षकावर लादलेली वेठ ठरेल. आणि तिसरीवाचून पहिल्या दोन पुरेशा ठरणार नाहीत. कार्यकर्त्यांनी येत्या सत्रात आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे आणि एकच प्रश्न विचारावा : यंदा मुलांनी स्वतःच्या हातांनी किती प्रयोग केले? प्रयोगवही दाखविली गेली, तर ती कोणाच्या वहीतून उतरली, हेही विचारावे.