दहा पानांचा स्वयंपाक

दहा माणसांना घरी जेवायला बोलावले की पदार्थांची यादी आधी होते आणि शेगड्यांचा हिशेब राहून जातो. क्रम उलटा हवा. घरच्या ओट्यावर दोन, फार तर तीन शेगड्या. पाने मांडण्याआधीच्या अर्ध्या तासात त्यांच्यावर काय काय मावते, त्यावरच बेत ठरतो. वरण-भात, पुऱ्या आणि तळण गरम वाढायचे म्हटले की तेवढ्यात शेगड्या अडकतात. चौथा गरम पदार्थ घातला की काहीतरी निवते, आणि बहुधा पुरीच.

बाकीचे सगळे गार किंवा आधी करून ठेवता येणारे निवडावे. बडोद्यात ही निवड सोपी जाते. १७३४ पासून १९४९ पर्यंत इथे गायकवाडांचे राज्य होते. त्यामुळे मराठी कुटुंबे गुजराती शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि पंगतीला दोन्हीकडची माणसे बसतात. अळूवडी, सुरळीची वडी आणि श्रीखंड दोन्ही घरांत होते. पाहुण्यांसाठी वेगळा बेत करण्याचे कारणच उरत नाही. आमटीला मात्र गोडा मसाला बेताने घालावा आणि चिंच-गूळ मोकळ्या हाताने. मग ती सगळ्यांच्या तोंडी बसते.

भाजी आदल्या सकाळीच आणावी. १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटमध्ये हिवाळ्यात पापडी, रताळी, सुरण भरपूर मिळतात. तेव्हा नेहमीची बटाट्याची भाजी सोडून पापडी-वांग्याची केलेली बरी. अळूच्या पानांना बेसन लावून उंडे त्याच दिवशी वाफवून ठेवले की दुसऱ्या दिवशी फक्त कापून तळायचे राहतात. श्रीखंडासाठी दही रात्रभर टांगावे. चक्क्याइतकी किंवा थोडी कमी साखर मिसळून तो तासभर झाकून ठेवला की ती विरघळते आणि पुरणयंत्रातून चक्का सहज उतरतो. उसळीची मटकी मात्र दोन दिवस आधी भिजत घालावी. सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली की थंडीतही मोड निघतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या फडक्याकडे लक्ष ठेवावे, नाहीतर आंबूस वास धरतो. ओल्या नारळाची चटणीही त्या दिवसांत सकाळी वाटून लगेच फ्रिजमध्ये ठेवावी.

प्रमाणात चूक होते ती भाताची. एवढे पदार्थ असताना माणशी पाऊण मूठ तांदूळ पुष्कळ होतात. रोजच्या अंदाजाने घेतले तर पातेले अर्धे तसेच राहते. पुऱ्या माणशी सहा-सात धराव्यात. कणीक घट्ट भिजवावी आणि ती पाने मांडण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी, कारण जास्त वेळ राहिली की सैल पडते आणि पुरी तेल पिते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आणि दही वाढण्याच्या वेळीच घालावे. आधी घातले की पाणी सुटते.

पान वाढण्याची जुनी रीत फार विचारपूर्वक ठरलेली आहे. मीठ वर मधोमध, लिंबू त्याच्या शेजारी. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे ही थोडी थोडी चाखायची. उजवीकडे भाज्या आणि आमटी, म्हणजे जे परत परत घ्यायचे ते. भाताची मूद आणि त्यावर वरण-तूप शेवटी, म्हणजे माणूस बसताच ते ऊन असते. मधल्या भातासाठी मसालेभात तासभर आधी करून झाकून ठेवावा. तो मुरलेलाच चांगला लागतो आणि शेगडीही मोकळी होते. त्या मोकळ्या शेगडीवर तेलाची कढई, दुसरीवर आमटी मंद आचेवर.

एकाने तळायचे आणि एकाने वाढायचे, ही वाटणी आधीच ठरलेली असावी. तळणारा माणूस वाढायला धावला की कढई तापून धुरावते. शेवटचा ताकभात मात्र बिनकष्टाचा: ताक आदल्या रात्रीच घुसळून, हिंग-मीठ लावून गार करून ठेवलेले असते.